महाडात घर घ्यावे की पोलादपुरात?

महाडच्या बाजारपेठेत ज्याचा गाळा आहे, त्याला घरही जवळच हवे असते. दुपारी जेवायला घरी जाता येते, मालाचा टेम्पो आला की मुलाला हाक मारता येते, मशीद चार पावलांवर असते. आखाती देशांतून पैसे साठवून परतलेले आपले बांधवही पहिला फ्लॅट याच गल्ल्यांत शोधतात. दर चौरस फुटाचा भाव सर्वजण विचारतात. पाणी कुठपर्यंत आले होते, हे मात्र फार थोडे विचारतात.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते आणि महाडजवळ तिला गांधारी व काळ या नद्यांचे पाणी मिळते. पुढे बाणकोटची खाडी आहे. वर घाटात धो धो पाऊस आणि खाडीला भरती, असा योग आला की पाणी पुढे सरकत नाही, शहरात शिरते. जुलै २००५ मध्ये हे झाले. २२ जुलै २०२१ रोजी, बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, पुन्हा झाले. त्या वेळी बाजारपेठेत दुकानांचे तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर कापड, किराणा, शिलाई मशिनी, सुतारांचे लाकूड, सारे चिखलात. ज्यांचे घर आणि दुकान एकाच तळमजल्यावर होते, त्यांचे दोन्ही एकाच रात्रीत गेले. दुकान बुडाले तरी घर कोरडे असेल तर माणूस पुन्हा उभा राहतो. आमच्या मते दोन्हींमध्ये अंतर ठेवण्याचे खरे कारण हेच आहे.

पाण्याला घाबरून वरचा मजला घेतला म्हणजे काम झाले असेही नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली व १६ जण मृत्यू पावले. इमारत जुनी नव्हती, दहा वर्षेही झालेली नव्हती. म्हणून बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती हातात घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये. नात्यातला, ओळखीचा बिल्डर आहे म्हणून कागद मागायला संकोच वाटतो. तो संकोच सोडावा. नगरपालिकेत आणखी एक गोष्ट विचारावी: जागा पूररेषेच्या आत आहे की बाहेर? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

मग पोलादपूर? मुंबई-गोवा महामार्गावर वीसेक किलोमीटर पुढे हे गाव आहे. येथूनच आंबेनळी घाटाने महाबळेश्वरचा रस्ता फुटतो. गॅरेज, टायर, हॉटेल, फॅब्रिकेशन यांचा धंदा करणाऱ्याला ही जागा वाईट नाही. गाव लहान, गर्दी कमी. पण ठोक माल, मोठे डॉक्टर, मुलांचे पुढचे शिक्षण यांसाठी महाडची वाट धरावी लागते. रेल्वेला एकतर वीर स्टेशन, नाहीतर कशेडीपलीकडे खेड. आणि पूर नाही म्हणून धोका नाही असे समजू नये. २०२१ च्या त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली, आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. डोंगर कापून काढलेला स्वस्त प्लॉट दिसला तर मागचा उतार आधी पाहावा.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कारागिरांना बिरवाडीच्या बाजूला घर सोयीचे वाटते. तेथे रासायनिक कारखाने आहेत, नोव्हेंबर २०२३ मध्ये एका औषध कारखान्यात स्फोट होऊन कामगार मेले, हेही हिशेबात धरावे.

आम्हाला विचाराल तर गाळा महाडात ठेवावा व घर महाडच्याच उंच भागात, पूररेषेबाहेर घ्यावे. ते परवडत नसेल तर पोलादपूर. रोजच्या एसटीचे भाडे किंवा मोटारसायकलचे पेट्रोल जाईल, पण एका पुरात जाणाऱ्या मालाच्या पुढे ती रक्कम किरकोळ आहे. दुकानात पोटमाळा मात्र करून घ्यावा. बिले, विम्याचे कागद व महागडा माल पावसाळाभर वरच ठेवावा.

दलाल जागा उन्हाळ्यात दाखवतो. आपण जुलैत, मोठ्या पावसाच्या दिवशी, भरतीची वेळ साधून ती एकदा पाहावी आणि शेजारच्या दुकानदाराला भिंतीवरची २०२१ ची खूण दाखवायला सांगावे.