दुपारची मच्छरदाणी

पावसाळा लागला की तिन्हीसांजेला अनेक घरांत कडुलिंबाच्या वाळल्या पानांची धुरी केली जाते. धुराने डास काही वेळ दूर राहतात, हे खरे. परंतु ज्या खोलीत दमेकरी आजोबा किंवा जुना खोकला असलेल्या आजी झोपतात, तेथे हा उपाय डासांपेक्षा माणसालाच अधिक जाचतो. धूर कडुलिंबाचा असो, उदाचा असो वा बाजारातील कॉइलचा, फुप्फुसांच्या लेखी तो धूरच. धुरी करायचीच असेल, तर ज्येष्ठांना दुसऱ्या खोलीत बसवावे आणि धूर पूर्ण ओसरल्यावरच आत न्यावे.

खोबरेल तेलात थोडे कडुलिंबाचे तेल मिसळून हातापायांना लावण्याची पद्धत त्या मानाने सौम्य. वास मात्र सर्वांनाच सोसवतो असे नाही. सिट्रोनेला हे गवती चहाच्या भाऊबंदांतील गवताचे तेल. त्याचा गंध आल्हाददायक, पण तो लवकर उडतो आणि त्यासोबत गुणही जातो. म्हणून ते पुनःपुन्हा लावावे लागते. वार्धक्यात त्वचा पातळ व कोरडी झालेली असते. कोणतेही सुगंधी तेल निखळ लावू नये. खोबरेलात मिसळून आधी दंडावर थोडेसे लावून एक दिवस पाहावे. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, म्हणून नातवंडांच्या किंवा विस्मरणाने ग्रासलेल्या व्यक्तीच्या हाताशी त्याच्या वड्या असू नयेत. लिंबात खोचलेल्या लवंगांवर तर फारशी भिस्त ठेवू नये.

मग भरवशाचे काय? आपल्या आजीच्या काळातली मच्छरदाणी. ती आपण रात्रीच लावतो, येथेच गफलत होते. डेंग्यू पसरवणारा एडीस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या काही तासांत. दुपारी आडवे होणाऱ्या वा अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला म्हणूनच दिवसाही मच्छरदाणी हवी. तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. अंग जाळीला टेकू देऊ नये, कारण डास जाळीतूनही चावतो. रात्री लघवीसाठी उठताना पाय अडकून पडण्याचा धोका असतो, तेव्हा उतरण्याच्या बाजूची कड सहज उचलता यावी आणि उशाशी विजेरी असावी. पंख्याचा वारा पायांवर राहील असे पाहावे; जोरदार वाऱ्यात डासाला उडणे जड जाते.

घरातले साठलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे. अंड्यातून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. नुसते ओतणे पुरेसे नाही. एडीसची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून भांडे घासलेच पाहिजे. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, कूलर ही नेहमी विसरली जाणारी ठिकाणे. टाकीत डोकावण्यासाठी मात्र स्टुलावर आजोबांनी चढू नये, ते काम तरुणांचे.

एवढे करूनही ताप आलाच, तर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने देऊ नये. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी रोज अॅस्पिरिन सुरू असल्यास ती स्वतःहून थांबवू नये, पण डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तसे सांगावे.