'सॅक्सनी' : एका प्रदेशनामाचे स्थलांतर

इतिहासाच्या व भाषाविज्ञानाच्या अध्यापनात 'सॅक्सनी' हे नाव एकाच भूभागाचे असल्याप्रमाणे योजले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. जर्मनीच्या सोळा घटकराज्यांपैकी लोअर सॅक्सनी, सॅक्सनी-अनहाल्ट व सॅक्सनी या तिहींच्या नावांत ते आढळते. मूळ सॅक्सन जमातीचे वसतिस्थान मात्र प्रामुख्याने वायव्येकडील लोअर सॅक्सनी व त्यालगतच्या वेस्टफालियात होते. ड्रेस्डेन-लाइपझिगचा जो प्रदेश आज केवळ 'सॅक्सनी' म्हणून ओळखला जातो, तो या मूळ भूमीबाहेरचा होय.

नावाचा हा प्रवास लोकांबरोबर झाला नाही. तो पदवीबरोबर झाला. ११८० मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने हेन्री द लायन याच्याकडून सॅक्सनीची डची काढून घेऊन तिचे विभाजन केले. ड्यूकपद व पूर्वेकडील भाग आस्कानियन घराण्यास मिळाला आणि कालांतराने एल्बकाठचे विटेनबर्ग त्याचे केंद्र बनले. तेथील शाखा १४२२ मध्ये निर्वंश झाली. पुढील वर्षी राजा सिगिस्मुंडने ड्यूकपद, त्यासोबतच्या सम्राट निवडण्याच्या अधिकारासह, माइसेनच्या वेटिन घराण्यास दिले. ही पदवी इतकी प्रतिष्ठेची होती, की वेटिनांच्या साऱ्या मुलखालाच हळूहळू 'सॅक्सनी' म्हटले जाऊ लागले. थुरिंगियातील सॅक्स-वायमारसारख्या लहान डचींची नावेही याच घराण्याच्या वाटण्यांतून आली.

भाषेच्या क्षेत्रात घोटाळा अधिक गंभीर ठरतो. 'लो सॅक्सन' बोली मूळ सॅक्सनांच्या भाषेतून विकसित झाल्या, तर 'अप्पर सॅक्सन' ही मध्य जर्मन गटातील बोली आहे. नामसाम्यावरून त्यांना एकाच बोलीच्या दोन शाखा मानणे सर्वथा चुकीचे आहे. जर्मनीबाहेर तर अर्थ आणखी सैल होतो : फिनिश भाषेत 'साक्सा' म्हणजे संपूर्ण जर्मनी!

ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांचा जन्म १८२३ मध्ये डेसाऊ येथे झाला आणि शिक्षण लाइपझिग विद्यापीठात. तेव्हा लाइपझिग सॅक्सनीच्या राज्यात होते. डेसाऊ अनहाल्ट-डेसाऊ या निराळ्या डचीत. १८१५ मध्ये व्हिएन्ना परिषदेने सॅक्सनीचा मोठा भाग प्रशियास दिला होता व त्यातून 'सॅक्सनी' नावाचा प्रशियन प्रांत निर्माण झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अनहाल्ट या प्रांताशी जोडले गेले. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीत मोडीत निघालेले हे राज्य १९९० मध्ये पुन्हा अस्तित्वात आले. म्हणूनच आजच्या नकाशात डेसाऊ 'सॅक्सनी-अनहाल्ट' राज्यात सापडते. त्या आधारे म्युलर यांना जन्माने सॅक्सन ठरविता येत नाही.