रात्रीच्या पाळीतून सुटका

जानेवारीच्या कडाक्यात रात्री अकरा-साडेअकराला थ्री फेज येते. गव्हाला किंवा कांद्याला पाण्याची पाळी आलेली असते, म्हणून घरातला कर्ता माणूस बॅटरी आणि काठी घेऊन वस्तीवरून निघतो. निसरडा बांध, वाफ्यात दाट पीक, आणि उजाडेपर्यंत एका वाफ्यातून दुसऱ्यात दारं धरत फिरायचं. मध्येच लाइट गेली तर शेकोटी पेटवून वाट बघायची. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती, आणि साप तर सगळीकडेच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. मेलेल्यांत बहुसंख्य ग्रामीण भागातले होते. यातला प्रत्येक जण रात्री पाणी देताना गेला असं नाही. पण अंधारात ओल्या रानात अनवाणी किंवा चपलेवर फिरणं म्हणजे घोणसाच्या वाटेत उभं राहणं, हे शेतात वाढलेल्या कुणाला सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रात कृषिपंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, आणि अनेक फीडरांवर आठवड्यातले काही दिवस ती दिवसा आणि काही दिवस रात्री येते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ही वीज मोफत झाली. थकबाकीच्या ओझ्याखाली असलेल्या घरांना त्याचा दिलासा मोठा आहे. रात्रीची पाळी मात्र त्याने टळली नाही. शेतीचा धंदा टिकायचा असेल तर विजेच्या दरापेक्षा तिची वेळ आणि तिचा दाब महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे.

आधी दाबाचं बघू. विहिरीवरची मोटर सुमारे ४१५ व्होल्टवर चालायला बनवलेली असते. लांबच लांब गेलेली लाइन, एका डीपीवर (रोहित्रावर) क्षमतेपेक्षा जास्त मोटरी आणि त्यावर चोरीचे आकडे, यामुळे शेवटच्या शेतकऱ्याकडे पोचेपर्यंत व्होल्टेज तीनशे-सव्वातीनशेवर आलेलं असतं. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, त्यामुळे दाब कमी झाला की मोटर जास्त करंट ओढते. तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट ३० टक्के वाढला तर उष्णता जवळपास ७० टक्के वाढते. वाइंडिंगवरचं वार्निश करपतं, तारा एकमेकींना भिडतात आणि मोटर जळते. तीनपैकी एक फेज उडाला तर हे काम काही मिनिटांत होतं.

ऑटो स्विचने यात भर घातली आहे. लाइट कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी ऑटो लावून ठेवतो आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण लाइट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. फ्यूज उडतो, कधी रोहित्रच जातं, आणि नवं येईपर्यंत उभं पीक वाळतं. प्रत्येक मोटरीला योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर बसवला तर लाइनवरचा करंट लक्षणीय कमी होतो. तो मोटरीच्या तुलनेत अगदी स्वस्त मिळतो, तरी बहुतेक स्टार्टरच्या पेट्यांत तो एक तर नसतो किंवा असला तर निकामी असतो. गावाने मिळून एका डीपीवरच्या सगळ्या मोटरींना कॅपॅसिटर लावले, तर कुठलीही योजना न येता त्या डीपीचं आयुष्य वाढेल.

आता पाणी उचलण्याचा हिशेब. तो प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असावा असं मला वाटतं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हजार लिटर पाणी एक मीटर वर आणायला ९.८ किलोज्यूल ऊर्जा लागते. एका युनिट विजेत ३,६०० किलोज्यूल असतात. मोटर आणि पंप मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली (जुन्या, दोन-तीनदा रिवाइंड केलेल्या मोटरीची त्याहूनही कमी असते), तर १० मीटर खोलीवरून एका युनिटमध्ये साधारण १४,७०० लिटर पाणी येतं. तेच पाणी ६० मीटरवर गेलं असेल तर एका युनिटमध्ये जेमतेम अडीच हजार लिटर येतं. एका एकराला पाच सेंटिमीटरची पाळी द्यायची तर दोन लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे उथळ विहिरीवर १४ युनिट, आणि बोअरवर ८०च्या पुढे.

राज्याचा चार पंचमांशांहून अधिक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. या खडकात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत. ते मोजकंच असतं. वरचा थर उपसून झाला की माणूस बोअर घेतो, आणि तिथून पुढे प्रत्येक हंगामात तेवढ्याच पाण्याला जास्त वीज लागत जाते. पाणलोटाची कामं, विहीर पुनर्भरण, बांधबंदिस्ती यांना आपण जलसंधारण म्हणतो. पाण्याची पातळी दहा मीटर वर आली तर प्रत्येक युनिटमागे मिळणारं पाणी वाढतं, म्हणून ही कामं ऊर्जासंधारणाचीही आहेत.

ठिबकचंही असंच आहे. ठिबकच्या नळ्यांना किमान एक किलोचा दाब हवा, म्हणजे पंपाला आणखी १० मीटर चढ. १० मीटरच्या विहिरीवर ठिबकने पाणी निम्मं लागलं तरी चढ दुप्पट झाल्याने वीज तेवढीच जाते. ६० मीटरच्या बोअरवर मात्र चढ ६०चा ७० होतो आणि पाणी निम्मं होतं, त्यामुळे ४० टक्क्यांहून अधिक वीज वाचते. पाणी जितकं खोल, तितका ठिबकचा फायदा जास्त.

या पार्श्वभूमीवर सौर पंपाकडे पाहावं. तीन अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ३,००० वॅटच्या पॅनल लागतात, पाचला ४,८००च्या. आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात तीन हजार वॅटच्या पॅनलमधून दिवसाला सरासरी १२-१३ युनिट मिळतात. पॅनलवर लिहिलेली क्षमता २५ अंश तापमानाची असते, आणि त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्का वीज घटते. विदर्भात मे महिन्यात पॅनल ६० अंशांपर्यंत तापते, म्हणजे ऊन सर्वांत कडक असताना बारा ते चौदा टक्के वीज उष्णतेतच जाते. त्यावर धुळीचा थर बसला तर नुकसान आणखी. म्हणून पॅनल सकाळी, ती थंड असताना पुसावी. तापल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते.

ढगाळ दिवशी काय होतं हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे. ऊन कमी झालं की कंट्रोलर मोटरीचा वेग कमी करतो. वेगाबरोबर पाण्याचं प्रमाण घटतं, पण पाणी वर चढवण्याची ताकद वेगाच्या वर्गाने घटते. वेग ७० टक्क्यांवर आला की पंप मूळच्या निम्म्याच उंचीपर्यंत पाणी ढकलू शकतो. चढावर सायकलचा वेग एका मर्यादेखाली गेला की ती पुढे सरकतच नाही, तसं खोल बोअरमध्ये मोटर फिरत राहते आणि पाइपातून थेंब येत नाही. पंप बिघडला म्हणून फोन केले जातात. तो बिघडलेला नसतो, त्या खोलीला तो अपुरा असतो.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात, अशी विभागणी आहे. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमाही आहे. योजना चांगलीच आहे. पण अश्वशक्ती क्षेत्रावर ठरते आणि वर केलेला हिशेब खोलीवर चालतो. दहा मीटरच्या विहिरीवर तीन अश्वशक्तीचा सौर पंप अडीच एकरांची पाळी तीन दिवसांत उरकेल. ६० मीटरच्या बोअरवर त्याच पंपाला, त्याच अडीच एकरांना, पंधरवड्याहून जास्त लागेल. तिथे ठिबक आणि शेततळं यांच्याशिवाय सौर पंप पुरा पडणार नाही, हे अर्ज भरताना स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. दिवसभर तळं भरत राहायचं आणि गरज लागेल तेव्हा सोडायचं. बॅटरीत वीज साठवण्यापेक्षा तळ्यात पाणी साठवणं किती तरी स्वस्त पडतं.

स्वतंत्र सौर पंपाची खरी उणीव वेगळीच आहे. पाऊस पडून गेलेला असतो, रान काढून झालेलं असतं, विहीर आटलेली असते, अशा दिवसांतही पॅनल ऊन खात उभी असते आणि ती वीज कुणाच्याच कामी येत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावातल्या शेतकऱ्यांनी याला उत्तर शोधलं. डिझेल इंजिनवर पाणी उपसणाऱ्या सहा शेतकऱ्यांनी आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने सौर पंप बसवले, सहकारी सोसायटी नोंदवली आणि २०१६ पासून उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. वीज कंपनीकडून युनिटला ४ रुपये ६३ पैसे मिळायचे, संस्थेने त्यावर काही काळ बोनसही दिला. न उपसलेल्या पाण्याला पहिल्यांदाच किंमत आली. फुकट ऊन आहे म्हणून विहीर कोरडी करण्याऐवजी पंप बंद ठेवून वीज विकणं परवडू लागलं. प्रयोग लहान होता, पण भूजल वाचवण्याचा इतका साधा आर्थिक मार्ग मी दुसरा पाहिलेला नाही. महाराष्ट्रातल्या सौर पंपांना अशी विक्रीची सोय व्यापक प्रमाणात मिळायला हवी.

आपल्याकडे मुख्य भर आहे तो अख्ख्या फीडरवर. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथे तिचे पहिले प्रयोग झाले. २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या परिसरात सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर त्यावर चालवायचे आहेत. एकूण उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचं आहे. या टप्प्यातला पहिला ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. सूर्य दिवसाच असतो, म्हणून वीजही दिवसाच द्यावी लागते. रात्रीच्या पाळीचं कारणच मिटतं. वीज जवळ तयार होत असल्याने लाइनमधली गळती घटते. ही वीज युनिटला सुमारे तीन रुपयांत पडते, त्यामुळे शेतीच्या विजेचा जो भार उद्योगांच्या बिलावर पडतो तोही हलका होऊ शकतो. आणि पाऊसकाळात उरलेली वीज ग्रिडमध्ये जाते, वाया जात नाही.

या प्रकल्पांसाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. उपकेंद्राजवळच्या खडकाळ, जिरायत रानाच्या मालकासाठी हे पावसावर अवलंबून नसलेलं उत्पन्न आहे, आणि दुष्काळी वर्षात त्याची किंमत कळते. मात्र जमीन २५-३० वर्षं अडकते. ती बटईने कसणाऱ्याला भाड्यातला एक रुपयाही मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी गायरानं वापरली जातात. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये देण्याची तरतूद आहे, पण गायरानावर शेळ्या-मेंढ्या चारणारं कुटुंब ग्रामपंचायतीच्या ठरावात क्वचितच दिसतं. त्यांच्यासाठी चराईची पर्यायी जागा ठरल्याशिवाय गायरान देऊ नये. पॅनल उंचावर बसवून खाली पीक घेता येतं. ही कल्पना जर्मन संशोधकांनी १९८२ मध्येच मांडली होती आणि जोधपूरच्या काझरी संस्थेने वाळवंटी हवेत पॅनलच्या रांगांमध्ये पिकं घेऊन दाखवली आहेत. उंच सांगाडा महाग पडतो, पण शेळ्यांना पॅनलखाली चरू द्यायला तेवढ्या उंचीचीही गरज नाही.

पाण्यापलीकडे मालाचा प्रश्न आहे. भाव पडले की टोमॅटो रस्त्यावर ओतला जातो, कारण तो थांबू शकत नाही. वाळवला तर थांबतो. पण एक लिटर पाणी वाफ करून घालवायला किमान ०.६५ युनिटइतकी ऊर्जा लागते. शंभर किलो कांदा वाळवताना ८५ लिटरच्या आसपास पाणी जातं, म्हणजे ५५ युनिट. एवढी वीज जाळून केलेला धंदा छोट्या शेतकऱ्याला जड जाईल. इथे उन्हाची थेट उष्णता वापरावी, तिची आधी वीज करण्याचं कारण नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी उभी केलेली एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी सौर वाळवणी यंत्रं ग्रामीण महिलांच्या हाती देते आणि वाळवलेला भाजीपाला त्यांच्याकडून विकतही घेते. या कामाला २०२३ चं अर्थशॉट पारितोषिक मिळालं. यंत्रापेक्षाही खरेदीची हमी इथे मोलाची आहे; ती नसेल तर वाळवलेला माल घरातच पडून राहतो.

सौर पंपाचा अर्ज भरणार असाल तर एक काम आधी करा. मे महिन्यात, शेजारच्या मोटरी चालू असताना, दोरीला दगड बांधून विहिरीतली किंवा बोअरमधली पाण्याची पातळी मोजा. त्यात शेतातला चढ आणि ठिबक असेल तर आणखी दहा मीटर मिळवा. तो आकडा कागदावर लिहून पुरवठादारापुढे ठेवा आणि तेवढ्या हेडचाच, म्हणजे तेवढ्या चढाचाच, पंप मागा. पावसाळ्यातल्या पातळीवर निवडलेला पंप उन्हाळ्यात पाणी देणार नाही.