सिंगापूरचें लुप्त शिंतो देवस्थान

वऱ्हाडांत पातूर येथें डोंगरांत कोरलेलीं लेणीं आहेत. त्यांत राहणारे गेले, खडक राहिला. म्हणून संशोधकास तेथें पाय ठेवावयास जागा मिळते. परंतु ज्या देवस्थानाच्या उपासकांनींच तें स्वहस्तें नाहींसें केलें, त्याचा इतिहास कसा लिहावा? सिंगापूरचें 'शोनान जिंजा' हें असेंच एक स्थान होय.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर जपान्यांच्या हातीं पडलें व त्याचें 'शोनान' असें नामांतर झालें. जिंजा म्हणजे शिंतो देवस्थान. मॅक्रिची जलाशयाच्या कांठच्या रानांत तें लाकडी देवस्थान उभारतांना इंग्रज व ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांस राबविण्यांत आलें. अधिष्ठात्री देवता सूर्यदेवी अमातेरासू. वाट पाण्यावरील पुलावरून. शहर हातीं येतांच जपानी सैन्यानें तेथील हजारों चिनी पुरुषांची कत्तल केली होती. तेव्हां हें देवस्थान जतन करावें असें स्थानिकांस वाटण्याचें कारणच नव्हतें.

तथापि तें त्यांनीं पाडलें नाहीं. १९४५ सालीं पराभव झाल्यावर शत्रूकडून विटंबना होऊं नये म्हणून जपान्यांनींच तें नष्ट केलें. कोरियांतील सेऊल येथें १९२५ सालीं पूर्ण झालेल्या चोसेन जिंगूंतही शरणागतीच्या दुसऱ्याच दिवशीं, १६ ऑगस्ट १९४५ रोजीं, देवतांस निरोप देण्याचा विधि झाला. आपल्याकडील उत्तरपूजा व विसर्जन जाणणारास यांत नवल वाटूं नये. शिवाय अमातेरासूचें मूळ क्षेत्र जें इसे, तेथील देवालय दर वीस वर्षांनीं नवें बांधतात. पोथी जीर्ण झाली कीं तिची नक्कल करावी, तसाच हा प्रकार. मात्र शोनानच्या पोथीची नक्कल करणारा कोणी उरला नाहीं.

त्याच शहरांतील दुसरें उदाहरण याच्या अगदीं उलट आहे. आझाद हिंद फौजेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाचा पाया सुभाषबाबूंनीं ८ जुलै १९४५ रोजीं घातला. सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोसले याच फौजेंतील एक प्रमुख सेनाधिकारी होत. शहर पुन्हां ताब्यांत येतांच इंग्रजांनीं तें स्मारक सुरुंग लावून उडविलें. दोन वास्तु, एकच वर्ष, एकच शहर. एक शत्रूनें पाडली, दुसरी भक्तांनीं उतरविली. रिकामा चौथरा दिसतांच परचक्राचें नांव घेण्याची जी संवय आम्हां संशोधकांस जडली आहे, तिला हा दाखला चांगला आडवा येतो.

स्मारकाच्या जागीं १९९५ सालीं फलक लागला. देवस्थानाच्या जागीं मात्र रान माजलें असून त्यांत हात धुण्याची दगडी कुंडी राहिली आहे.