पावतीसह कृतज्ञता

स्टुटगार्ट, जानेवारी

जर्मनीत नवे वर्ष दोनदा सुरू होते. पहिल्यांदा ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री, फटाक्यांच्या धुरात. दुसऱ्यांदा ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला. तो उरकला की नाताळचे झाड घराबाहेर पडते आणि माणसे खऱ्या अर्थाने कामाला लागतात. निदान आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तरी असेच चालते. इथे, शेजारच्या बव्हेरियात आणि पूर्वेकडच्या साक्सेन-आनहाल्टमध्ये ६ तारखेला सरकारी सुट्टी असते. बाकीचा देश त्या दिवशी कचेरीत बसून आमचा हेवा करतो. सरत्या वर्षाचे उपकार आणि येत्या वर्षाची धास्ती या दोन्हींची इथली ख्रिस्ती माणसे या दिवसांत कशी वासलात लावतात, ते पाहण्यासारखे आहे.

जर्मन माणूस आभार मानतो तोही वेळापत्रक आखून. फटाकेच घ्या. ते विकत मिळतात वर्षाच्या शेवटच्या तीन कामाच्या दिवसांत. एरवी शांततेसाठी शेजाऱ्याच्या दारावर चिठ्ठी चिकटवणारा हा समाज त्या एका रात्री दहा कोटी युरोंहून जास्त रकमेची दारू आभाळात उडवतो. १९५९ साली स्थापन झालेली ‘ब्रोट फ्युर डी वेल्ट’, म्हणजे ‘जगासाठी भाकरी’, ही प्रोटेस्टंट चर्चची मदतसंस्था आहे. फटाक्यांऐवजी भाकरी द्या, हे तिचे आवाहन १९८० च्या दशकापासून दर डिसेंबरात ऐकू येते. बंदीची मागणी नाही, आरडाओरडा नाही. रॉकेटच्या पैशांतले थोडे इकडे वळवा, एवढेच म्हणणे. रॉकेटे काही कमी झाली नाहीत, पण दानपेटीतही भर पडते. फटाकेही उडवायचे आणि दानही करायचे, ही तडजोड आपल्याला दिवाळीमुळे ओळखीची आहे.

३१ तारखेच्या संध्याकाळी चर्चमध्ये वर्षाला निरोप देणारी प्रार्थना होते. वर्षभरातले बाप्तिस्मे, लग्ने, मृत्यू यांची आठवण काढली जाते, मेणबत्त्या लागतात. कॅथलिक चर्चमध्ये अठराव्या शतकातले एक जुने स्तोत्र सगळे उभे राहून गातात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये हमखास ऐकू येते ती डिट्रिश बोनहोफरची कविता. हिटलरविरोधी कटातल्या लोकांशी संबंध असलेला हा धर्मोपदेशक डिसेंबर १९४४ मध्ये बर्लिनला गेस्टापोच्या तळघरात कैदेत होता. तिथून वाग्दत्त वधूला लिहिलेल्या पत्रासोबत त्याने ती नववर्षासाठी पाठवली. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले गेले. गाऱ्हाण्याला सर्वाधिक हक्काचे कारण असलेल्या माणसाची ही कविता, पण तिच्यात भर आहे तो सांभाळले गेल्याच्या जाणिवेवर. आज ती चालीवर गायली जाते, आणि एरवी चर्चची पायरी न चढणाऱ्यांनाही तिची ओळ येते.

आणि पायरी न चढणारेच आता बहुसंख्य आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिळून लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी उरले आहेत. एकट्या २०२२ सालात पाच लाखांवर लोकांनी कॅथलिक चर्च रीतसर सोडले. रीतसर म्हणजे सरकारी कचेरीत जाऊन, सही करून. इथे चर्चचा कर आयकरासोबत पगारातून कापला जातो, आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के. सोडणाऱ्यांत कुणी लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी संतापलेले असतात, तर कुणाला कर नकोसा झालेला असतो. अशा देशात जानेवारीत दारावर बेल वाजते, आणि बाहेर सोनेरी कागदाचे मुकुट घातलेली तीन-चार मुले उभी असतात.

हे ‘श्टेर्नझिंगर’. काठीवर तारा, अंगावर झगे, सोबत एखादा मोठा माणूस. बेथलेहेमच्या बाळाला भेटायला ताऱ्यामागून आलेले तीन राजे ते हेच. त्यांच्या अस्थी कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये आहेत अशी श्रद्धा आहे. ११६४ साली आर्चबिशप राइनाल्ड फोन डासेल याने त्या मिलानहून आणल्या, म्हणजे चक्क लूट म्हणूनच. गोव्यातल्या वाचकांना हे राजे नवे नाहीत. रेइश मागुश, कासावली, चांदोर इथे याच दिवशी मुलगे राजे बनून घोड्यावरून निघतात. जर्मनीतले राजे मात्र पायी फिरतात आणि त्यांच्या हातात डबा असतो.

मुले गाणे म्हणतात, चौकटीवर खडूने वर्षाचे आकडे आणि त्यांच्यामध्ये सी, एम, बी ही अक्षरे लिहितात. लोक त्यांना कास्पर, मेल्खिओर, बाल्टाझार या राजांची आद्याक्षरे समजतात; चर्चच्या मते ती ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’ या लॅटिन वाक्याची आहेत. मग डबा पुढे येतो. चॉकलेट मुलांचे, पैसे जगातल्या इतर मुलांचे. १९५९ पासून ही मोहीम देशभर एकत्रितपणे चालते आणि तिचा कारभार आखेनहून पाहिला जातो. आजवर सव्वाशे कोटी युरोंहून अधिक रक्कम जमली आहे, आणि अलीकडे दरसाल चार कोटींच्या वर जमते. २०२६ च्या मोहिमेत बांगलादेशातल्या बालमजुरीचा विषय घेतला होता. स्वस्त टी-शर्ट घालणाऱ्या देशातल्या मुलांनी तो उचलावा, हे मला योग्य वाटते. वाद झालेच नाहीत असे नाही. एका राजाचे तोंड काळे रंगवायची जुनी पद्धत होती. आता ती सोडून द्यावी असे संयोजकच सांगतात, तरी काही गावे हटून बसतात.

मला नवल वाटते ते या सगळ्यातल्या कागदोपत्री काटेकोरपणाचे. गटाजवळ चर्चचे ओळखपत्र असते. मागाल तर देणगीची पावती मिळते आणि ती कर-विवरणाला जोडता येते. मोहीम चालवणाऱ्या संस्थेजवळ देणग्यांची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा शिक्का आहे. दया म्हटले की आपल्याला हृदयाचा उमाळा आठवतो. इथे तिची फाइल असते. हे रुक्ष वाटते. पण उमाळ्याचा एक तोटा आपण नेहमी विसरतो. तो देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, आणि घेणाऱ्याला मिंधे करून ठेवतो.

हे नीट कळते लेओनहार्ड चर्चमध्ये. स्टुटगार्टच्या मध्यात, वेश्यावस्तीच्या कडेला हे जुने प्रोटेस्टंट चर्च आहे. १९९५ साली मार्टिन फ्रिट्झ या पाद्र्याने इथे ‘फेस्परकिर्खं’ सुरू केले. जानेवारीच्या मध्यापासून सुमारे सात आठवडे, म्हणजे ऐन थंडीत, दुपारी चर्चमध्येच टेबले लागतात आणि गरम जेवण मिळते. बेघर येतात, तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या येतात, जवळच्या ऑफिसातले लोकही येतात. डॉक्टर असतो, केस कापून मिळतात, कुत्र्यांसाठी पशुवैद्यही. बेघर माणूस एक वेळ स्वतः डॉक्टरकडे जाणार नाही, पण कुत्र्यासाठी येईल, हे ज्याने हेरले त्याला मी मानतो. निघताना सोबत पाव बांधून दिला जातो. आणि जेवण फुकट नसते. अगदी नाममात्र का होईना, किंमत असते. ऐपत असलेल्याने जास्त द्यावे. ती चार नाणी टाकली की माणूस याचक राहत नाही, गिऱ्हाईक होतो आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरूही शकतो. ही कल्पना दक्षिण जर्मनीत तीसहून अधिक गावांनी उचलली आहे.

टीका होते, आणि ती खोटी नाही. मर्सिडीज आणि पोर्शे ज्या शहरात तयार होतात तिथे लोकांना चर्चमध्ये जेवायला यावे लागते, हीच शरमेची गोष्ट आहे. सात आठवडे वाढून उरलेले वर्ष मोकळे होणे म्हणजे सदसद्विवेकाला पट्टी बांधणे, असे इथलेच काही लोक म्हणतात. पण चर्च ही गरिबी झाकून ठेवत नाही, शहराच्या मधोमध टेबलावर मांडते, आणि त्यामुळे दर जानेवारीत वृत्तपत्रांना घरभाड्यांवर लिहावेच लागते. भाडी त्याने उतरली नाहीत, हेही खरे.

आपल्या दिवाळीच्या पोस्तीचाही अवतार इथे आहे. पहाटे अंधारात पेपर टाकणारा वर्षअखेरीला शुभेच्छांचे छोटे कार्ड टाकून जातो, आणि लोक समजायचे ते समजतात. कचरा नेणाऱ्यांना, टपालवाल्यांनाही काहीबाही दिले जाते. मात्र त्यांनी किती आणि काय घ्यावे याचे नियम आहेत. आजीबाई बिस्किटांचा डबा देताना त्या नियमांचा हिशेब करतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

दरवर्षी मराठी मुले-मुली शिकायला, नोकरीला या शहरात येतात. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांना एवढेच सांगणे : ६ जानेवारीला दुकाने बंद, दूध आदल्या दिवशी आणून ठेवा. बेल वाजली तर दार उघडा. मुले तुमचा धर्म विचारत नाहीत. सुट्टे युरो आणि चॉकलेट जवळ असू द्या, आणि चौकटीवरचा खडू पुसू नका, पुढच्या वर्षी तीच येऊन बदलतील. हाताशी वेळ असेल तर फेस्परकिर्खंमध्ये वाढायला आणि भांडी घासायला माणसे लागतात. फक्त नाव आधी नोंदवा, ऐनवेळी गेलात तर यादी भरलेली असते.