टाके काढणे

जखमेच्या कडा जुळवून ठेवण्यासाठी त्वचेत घातलेले धागे, जखम पुरेशी सांधल्यानंतर बाहेर काढून घेण्याच्या क्रियेला ‘टाके काढणे’ असे म्हणतात. किरकोळ इजेवरील उपचारांचा हा शेवटचा टप्पा होय. ही क्रिया बहुधा काही मिनिटांत व बधिरीकरणाशिवाय उरकते. तथापि ती कोणत्या दिवशी व कशी केली जाते यावर जखमेचे बळ, मागे राहणारा वण व जंतुसंसर्गाचा धोका या गोष्टी बऱ्याच अंशी अवलंबून असतात. त्वचेखालील थरांत घातलेले विरघळणारे टाके काढावे लागत नाहीत.

पूर्वेतिहास : जखम शिवण्याची कला भारतात प्राचीन काळापासून ज्ञात होती. सुश्रुतसंहितेत शिवणासाठी अश्मंतकाच्या सालीचे तंतू, ताग व अळशी यांचे सूत, स्नायू व केस यांचा उल्लेख असून शिवणीचे वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथी असे चार प्रकार वर्णिले आहेत. आतड्याचे छिद्र सांधण्यासाठी मोठ्या काळ्या मुंग्यांचा उपयोग करण्याची रीतही तीत आढळते. धाग्याबरोबर जंतू आत शिरत असल्याने शिवलेली जखम पिकणे ही मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत नित्याची बाब होती. जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी १८६७ मध्ये कार्बॉलिक अम्लाच्या साहाय्याने जंतुनाशनाची पद्धत प्रसिद्ध केली व पुढे प्राण्यांच्या आतड्यापासून केलेला तंतू (कॅटगट) याच अम्लात भिजवून वापरला. विसाव्या शतकात रेशीम व सुती धाग्यांबरोबर नायलॉन, पॉलिप्रोपिलीन यांसारखे कृत्रिम धागे प्रचारात आले. हे धागे गुळगुळीत असल्याने ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) कमी क्षोभ उत्पन्न करतात व काढताना सहज निसटतात.

दक्षिण महाराष्ट्रात आधुनिक शस्त्रक्रियेचा प्रसार होण्यास मिरज येथील मिशन रुग्णालय विशेष कारणीभूत झाले. विल्यम जेम्स वॉनलेस (१८६५–१९३३) यांनी ते १८९४ मध्ये स्थापन केले. मिरज येथेच १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

जखम भरून येण्याची क्रिया : टाक्यांनी कडा जुळवलेल्या स्वच्छ जखमेचा पृष्ठभाग पहिल्या एक-दोन दिवसांतच त्वचेच्या नव्या कोशिकांनी झाकला जातो. आत याच काळात शोथ (दाहयुक्त सूज) असतो व पांढऱ्या कोशिका मृत ऊतक आणि जंतू यांचा नाश करतात. त्यानंतर तंतुजनक कोशिका कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू निर्माण करू लागतात. जखमेला खरे बळ या तंतूंमुळे येते व ते सावकाश वाढते. पहिल्या आठवड्याअखेर ते मूळ त्वचेच्या एक-दशांशाहूनही कमी, तीन आठवड्यांनी सु. २०% व तीन महिन्यांनी सु. ८०% असते, मूळची ताकद पूर्णपणे कधीच परत येत नाही. म्हणजेच टाके काढतेवेळी जखम वरून मिटलेली दिसली, तरी आतून ती दुबळीच असते.

यावरून टाके शक्य तितके उशिरा काढावेत असे वाटणे साहजिक आहे; परंतु त्यालाही मर्यादा आहे. त्वचेच्या कोशिका धाग्याच्या कडेने खोलवर वाढत जातात व प्रत्येक टाक्याभोवती नलिका बनते. टाके फार दिवस राहिल्यास या नलिका कायम होऊन वणाच्या दोन्ही बाजूंस शिडीसारखे ठिपके उमटतात. शिवाय धागा हा परकीय पदार्थ असल्याने त्याच्या आश्रयाने जंतू वाढू शकतात. लवकर काढल्यास जखम उकलणे व उशिरा काढल्यास वण आणि पू होणे, या दोहोंमधील मध्य साधावा लागतो.

काढण्याचा काळ : हा काळ त्या भागाचा रक्तपुरवठा व त्वचेवरील ताण यांनुसार ठरतो. चेहऱ्याला रक्तपुरवठा विपुल असल्याने तेथील टाके ३ ते ५ दिवसांत काढतात. डोक्याची त्वचा, धड व बाहू यांवरील टाके ७ ते १० दिवसांनी, तर पाय, तळहात, तळपाय आणि गुडघा, कोपर यांसारखे सांधे यांवरील टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. मधुमेह, कुपोषण, पांडुरोग (रक्तक्षय), वार्धक्य व स्टेरॉइड औषधांचे दीर्घकाळ सेवन यांमुळे जखम मंदगतीने भरत असल्याने अशा रोग्यांत अवधी वाढवावा लागतो. याउलट टाक्यांभोवती वाढती लाली, ठणका, सूज, पू किंवा ताप ही लक्षणे दिसल्यास नियोजित दिवसाची वाट न पाहता वैद्यास दाखवावे लागते. प्रसंगी काही टाके आधीच काढून पू वाहू द्यावा लागतो.

पद्धत : प्रथम जखम व टाके जंतुनाशकाने पुसून वाळलेली खपली भिजवतात. निर्जंतुक चिमट्याने गाठ किंचित वर उचलतात. त्यामुळे आत दडलेला धाग्याचा स्वच्छ भाग थोडा बाहेर येतो. तो गाठीखाली, त्वचेला अगदी लगत, एकाच बाजूस टोकदार कात्रीने किंवा पात्याने कापतात. बाहेर उघडा राहिलेला मळका धागा जखमेतून ओढला जाऊ नये हा यातील हेतू होय. दोन्ही बाजू कापल्यास मधला तुकडा आत राहतो. नंतर धागा जखमेच्या दिशेने ओढून काढतात. उलट दिशेने ओढल्यास कडा विलग होण्याचा संभव असतो. आरंभी एकाआड एक टाके काढून कडा नीट मिटल्या आहेत याची खात्री झाल्यावरच उरलेले काढतात. कडा उकलू लागल्यास उरलेले टाके तसेच ठेवून चिकटपट्ट्या लावतात. शेवटी काढलेले टाके मोजून ते घातलेल्या टाक्यांइतके असल्याचे पाहतात. राहून गेलेला धागा काही आठवड्यांनी गाठ किंवा गळू यांच्या रूपाने प्रकट होऊ शकतो.

नंतरची काळजी : काही दिवस चिकटपट्ट्यांचा आधार देतात. जड ओझे उचलणे, सांध्यावरील जखम असल्यास तो भाग वारंवार वाकवणे व जखमेवर पुन्हा आघात होणे टाळावे लागते. कोवळा वण उन्हाने काळवंडतो म्हणून तो काही महिने झाकतात. धनुर्वाताची लस जखम झाल्याबरोबरच घ्यावयाची असते. ती राहून गेली असल्यास टाके काढण्याच्या भेटीत ही उणीव भरून काढता येते [⟶ धनुर्वात].

सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्थिती : या जिल्ह्यांत किरकोळ जखमांची कारणे मुख्यतः शेतीशी निगडित आहेत. जावळी, पाटण व शिराळा या पश्चिमेकडील तालुक्यांत भातलावणीच्या दिवसांत जखमेला चिखल लागतो व पट्टी सतत भिजते. कडबा कापण्याच्या यंत्रात बोटे सापडण्याचे प्रकार घडतात. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात हिवाळ्यातील गळीत हंगामात कोयत्याच्या जखमा होतात. मजूर ऊस डाव्या हाताने धरून उजव्या हाताने बुंध्याशी घाव घालतो. घाव निसटल्यास डावा हात किंवा नडगी कापली जाते. हे दोन्ही भाग दीर्घकाळ टाके ठेवावे लागणाऱ्यांपैकी आहेत.

ऊसतोडणीत पतीपत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ समजतात व मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर मिळते. उचल घेतलेली असल्याने जोडीतील एकाचा हात बांधला गेला की दोघांची फेड अडते. गैरहजेरीचा ‘खाडा’ धरला जातो. त्यामुळे टाके घातल्यावर दोन-तीन दिवसांतच कोयता पुन्हा हाती घेतला जातो. दहाव्या दिवशी टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते आणि टाके घातलेले रुग्णालय दूर राहते. मग टाके महिनाभर तसेच राहतात किंवा तळावरच दाढीच्या पात्याने कापले जातात. तळहातावरील जखम अशा रीतीने पिकल्यास संसर्ग स्नायुबंधांच्या आवरणांत पसरून बोटे कायमची आखडू शकतात. हाताच्या मुठीवरच ज्याचे पोट आहे त्याच्या दृष्टीने ही हानी मूळ जखमेहून मोठी असते.

हळदीसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगली भागात ताज्या जखमेत हळद भरण्याची चाल घरोघर आढळते. हळदीत शोथरोधक गुण असले, तरी घरातील पूड निर्जंतुक नसते. शिवाय तिच्या रंगामुळे कडांची लाली झाकली जाते व संसर्ग उशिरा ध्यानात येतो. ताजी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन कोरड्या स्वच्छ कापडाने दाबून धरणे अधिक हितकर ठरते.

टाके जेथे घातले तेथेच काढले पाहिजेत असे बंधन नाही. कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्य किंवा प्रशिक्षित परिचारिका ते काढू शकतात. त्यासाठी टाके घातल्याची तारीख, त्यांची संख्या, धाग्याचा प्रकार व दिलेली लस यांची नोंद असलेला कागद रोग्याजवळ असावा लागतो. फिरत्या मजुरांच्या बाबतीत या नोंदीचे महत्त्व औषधाइतकेच आहे.