दहा किलो पाल्याची बाटली

नगर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत काही शेतकऱ्यांनी जिरेनियम लावून पाहिला. या पिकाचं गणित ऐकण्यासारखं आहे. टनभर हिरवा पाला टाकीत वाफवला की जेमतेम १ किलो तेल हाती लागतं. म्हणजे १० मिलीच्या बाटलीमागे नऊ-दहा किलो पाला खर्ची पडतो. सुगंधी तेलं नव्याने वापरणाऱ्याने आधी हा हिशेब समजून घ्यावा. ‘नैसर्गिकच तर आहे, अपाय काय होणार?’ हा युक्तिवाद पाल्यापुरता एक वेळ चालेल, अर्काला चालत नाही. आजीही गवती चहा, ओवा वापरायची, हे खरंच; पण ती चहात दोन पाती टाकायची, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकायची. चमचाभर निलगिरी तेल पोटात गेलं तर लहान मुलाला गुंगी येऊ शकते, झटके येऊ शकतात. कापूर तर १ ग्रॅमही मुलांच्या जिवावर बेतू शकतो. २०२१ च्या करोना लाटेत कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो, असे संदेश घरोघर फिरले. त्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, इतकंच. रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही.

यावर जाणकार म्हणवणारे सांगतात की दोष भेसळीचा, शुद्ध तेल थेट लावलं तरी बाधत नाही. भेसळ होते, यात वाद नाही. पण शुद्ध म्हणजे सौम्य नव्हे. श्रीगोंद्याचा कागदी लिंबू घ्या, किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘साई सरबती’ हा वाण. त्याची साल दाबून काढलेलं तेल अस्सल असलं, तरी ते अंगाला लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. सालीतली काही द्रव्यं ऊन लागताच त्वचेवर उलटतात. वाफेवर काढलेल्या तेलात ती जवळजवळ नसतात. ‘मी कित्येकदा तसंच लावलं, काही झालं नाही’ हाही भरवशाचा पुरावा नाही. ॲलर्जी पहिल्या दिवशीच दिसेल असं नसतं. ती वारंवार लावण्यातून तयार होते आणि एकदा जडली की सहसा जात नाही. उघडून वर्ष उलटलेली बाटली तर अधिकच त्रासदायक, कारण हवा लागून तेल बिघडतं.

म्हणून मोजूनच वापरावं. २० थेंब म्हणजे साधारण १ मिली. १० मिली खोबरेल तेलात २ थेंब टाकले की १ टक्का होतो, आणि नवख्याला तेवढा पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहावी. गरोदर बाईने, दम्याच्या किंवा फिट येणाऱ्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ तर निलगिरी नकोच. पाण्यात तेल मिसळत नाही, तेव्हा आंघोळीच्या बादलीत थेंब टाकले तर ते तवंगासारखे तरंगून जसेच्या तसे अंगाला लागतात. आणि मुलाने तेल प्यायलंच, तर बोटं घालून उलटी काढायला जाऊ नये, तेल फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.